शनिवारी बघितलेलं खुरपं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. त्या वर्षीच्या खंडेनवमीला, सकाळी, आंघोळी उरकून सगळे देवघरासमोर जमले होते आणि कापूर अजून पेटायचा होता, तेव्हा झाला. करणारे माझे बाबा. बघणारे आम्ही सगळे. मी हँडबिलं लिहिते, सभांची आणि मोर्च्यांची. तिथं पहिल्याच दिवशी शिकवतात की कुणावर, कधी, कुणी, हे आधी सांगून टाक, हळहळ मागाहून. म्हणून आधी सांगून टाकलं.

आमचं घर म्हैसूरला, चामराजपुरमात. आमचे कुणी पूर्वज इथल्या महाराजांच्या फौजेत होते आणि त्यांची एक तलवार घरात आहे. खंडेनवमीला ती पाटावर येते. म्यानातून मात्र निघत नाही, आतल्या आत गंजून बसली आहे. बाबा म्यानालाच हळदकुंकू लावतात. त्या दिवशी तिच्या शेजारी बाबांचे पाने आणि पक्कड होती, भावाचा लॅपटॉप होता, आईचा मिक्सरसुद्धा होता. बाहेर रस्त्यावर गाडी, केळीचे खांब बांधलेली, चाकांखाली लिंबं.

आत्या बाजूच्या दारानं आत आली. पदरात काहीतरी धरलं होतं. ते तिनं मिक्सरच्या शेजारी मांडलं. दांडा तुटलेलं लोखंडी उलथनं, मूठ गेलेली भाजीची सुरी, टोक झिजलेला स्क्रू ड्रायव्हर आणि झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला तेलाचा डबा. सगळं घासूनपुसून, एकेकावर शेवंतीचं एकेक फूल.

बाबा हसले. "अक्का, आज आयुधं मांडायची असतात. भंगारवाला आला की हाक मारतो तुला."

सगळे हसले असं मी लिहिणार नाही, कारण आई हसली नाही. भाऊ हसला. आत्याही हसली, आणि ते मला सहन झालं नाही. "आय्तु, आय्तु," म्हणजे झालं झालं, असं म्हणत तिनं सगळं परत पदरात घेतलं. फुलं तेवढी मिक्सरवर ठेवली. आणि आरतीला वेळेवर येऊन उभी राहिली, टाळ्या वाजवायला.

मी बोलले. मी बोलतेच. "बाबा, ह्या तलवारीनं गेल्या शंभर वर्षांत काय कापलं? एक काकडी?"

"भाषण दुपारी," बाबा म्हणाले आणि कापूर पेटवला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. नंजनगूडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सारी नोकरी सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येण्यात गेली. रिटायर झाली तेव्हा घराच्या बाजूची जागा, फाटकापासून मागच्या नळापर्यंतची, विटांच्या तुकड्यांनी आणि मोडक्या कौलांनी भरलेली होती. ती तिनं कुणाला न विचारता साफ केली. आता तिथं भिंतीच्या कडेनं मल्लिगे आहे, म्हणजे मोगरा, कढीपत्ता आहे, वांगी आहेत, मेथीचा वाफा आहे. दोड्डपत्रे आहे, जाड लवदार पानांचं ते झुडूप. मला खोकला झाला की ती त्याचं पान तव्यावर शेकून त्याचा रस मधातून चाटवायची.

त्या जागेला आमच्या घरात सगळे 'गाडीची जागा' म्हणत. गाडी घ्यायच्या कितीतरी आधीपासून.

हत्यारं तिनं मागितली नाहीत. घरात फावडं होतं, पहारही होती, पण ती पुरुषांच्या मापाची, उचलली की आधी तिलाच घेऊन पडतील अशी. मग स्वयंपाकघरातून जे जे बाद होई ते तिच्याकडे जाई. उलथन्याचा दांडा तुटला की आई ते टाकायच्या आधी खिडकीतून विचारायची, "वन्सं, पाहिजे का?" पाहिजेच असायचं.

त्या उन्हाळ्यात नळाजवळ पाय घसरून आत्याचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात सरळ दिसायला लागला, पण जोर लावला की कळ थेट कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणाले, हलकी कामं करत राहा. घरानं ऐकलं ते असं की आता बास. बाबांनी एका गवंड्याला सांगून ठेवलं. दसरा झाल्यावर पुढच्या बुधवारी ये, फाटकापासून नळापर्यंत सिमेंट करून टाकू. गाडी आत येईल, अक्काचाही त्रास वाचेल.

अक्काचा त्रास वाचेल. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. ज्या बायकांसाठी मी हँडबिलं लिहिते त्यांना कामावरून काढताना मालक हेच म्हणतात. म्हणून 'भंगार' हा शब्द मला नुसती थट्टा वाटला नाही. ती हत्यारं नव्हेत, म्हणजे ती करते ते काम नव्हे. ते काम नव्हे, म्हणजे जागा रिकामीच आहे. मग ओता सिमेंट.

विजयादशमीला दुपारी सगळे जंबूसवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बघायला गेले. आम्ही दोघीच राहिलो. मी बाजूच्या दारात गेले तर आत्या वांग्याच्या बुंध्याशी बसून उलथन्यानं माती मोकळी करत होती. डाव्या हातानं. उजवा मांडीवर ठेवलेला, झोपलेल्या मुलासारखा.

"दुखतंय?"

"नाही गं."

"खोटं."

"थोडंसं. सुम्मनिरु," म्हणजे गप्प बस. आमची आत्या रागावायची असली की कन्नडात रागावते, मराठी प्रेमासाठी राखून ठेवते.

"तू बाबांना सांगत का नाहीस? एकदा स्पष्ट सांग, ही माझी जागा आहे."

तिनं माती झटकली. "काय सांगू? हात चालत नाही हे खरंच आहे ना पुट्टी? बुधवारपर्यंत हात चालला तर मी सांगीन त्याला. नाही चालला तर त्याचंच बरोबर. नुसती बसून बघायला मला एवढी माती कशाला पाहिजे?"

माझ्याकडे ह्यावर घोषणा होत्या, पण तिला घोषणा ऐकवायची माझी छाती नव्हती.

दसऱ्यानंतर दुकानं उघडली त्याच दिवशी मी एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेले आणि बागेच्या हत्यारांचा संच घेऊन आले. हिरव्या प्लास्टिकच्या मुठी, झिपची पिशवी, पिशवीवर एक हसरी बाई, जिच्या हातमोज्यांना मातीचा कणही नव्हता. आत्यानं प्रत्येक वस्तू काढून पदरानं पुसली. "किती चंद आहे गं," म्हणाली. चंद म्हणजे छान. मग त्यातली छोटी खोरी घेऊन तिनं मातीत खुपसली. खाली विटेचा तुकडा होता. खोरीची मान चमच्यासारखी वाकली.

आत्यानं खोरीकडे नंतर बघितलं. आधी माझ्याकडे बघितलं, मला वाईट वाटलं का ते.

"भात वाढायला होईल," ती म्हणाली.

मी हसले, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. मनगट डाव्या मुठीत धरून ती जरा वेळ तशीच बसली. मग हवेत हात पुढे केला, मागे घेतला. परत पुढे, परत मागे. "बघ हं. असं ढकललं की लागतं. असं ओढलं तर नाही लागत." तिनं आणखी एकदा ओढून बघितलं. "ओढायचं काहीतरी पाहिजे मला."

शनिवारी माझी अर्धी सुट्टी. आत्याला रिक्षात घातलं आणि मंडी मोहल्ल्यात नेलं, लोखंडी सामानाच्या दुकानांच्या गल्लीत. दारांना साखळ्या आणि दोरखंडं टांगलेली, बादल्या एकीत एक बसवून रचलेल्या, कोपऱ्यात लाकडी दांड्यांचे भारे. एका दुकानाच्या पायरीवर आत्या थबकली.

"आज वार कुठला?"

"शनिवार."

"अय्यो."

"काय झालं?"

"शनिवारी लोखंड घेत नाहीत."

"कोण घेत नाही?"

"कोणीच नाही."

"आत्या, वारांवर आणि मुहूर्तांवर मी एक अख्खं हँडबिल लिहिलंय."

"छानच लिहिलं असशील. मी घेणार नाही."

मी भर गल्लीत कपाळावर हात मारला. बुधवारी गवंडी येतोय, ह्या बाईचं मनगट, ह्या बाईची जागा, आणि मध्ये शनी! मी पुढचं बोलणार तेवढ्यात आत्या निऱ्या उचलून दुकानाची पायरी चढायला लागली.

"आता कुठं?"

"घ्यायचं नाही म्हणतात. बघायचं नाही असं कुठं म्हणतात?"

दुकान रिकामं होतं. मालक, चाळिशीचा माणूस, पेपर वाचत बसला होता. पुढचं सगळं कन्नडात झालं, मी मराठीत लिहिते आहे.

"काय पाहिजे अम्मा?"

"काही नको. आज शनिवार ना. बघायला आले."

त्यानं पेपरची घडी घातली. "बघा. शनिवारी माझ्याकडे सगळे असेच येतात. पंखा लावू?"

एरवी अशा दुकानात बाई गेली की काय होतं ते मला माहीत आहे. कुणासाठी पाहिजे, माप माहीत आहे का, साहेबांना पाठवा. आणि गिऱ्हाइकांची रांग मागून ढोसत असते. त्या दुपारी रांग नव्हती. घ्यायचंच नव्हतं, त्यामुळे त्याला काही खपवायचं नव्हतं आणि तिला काही पटकन ठरवायचं नव्हतं. आत्यानं चप्पल काढली, जमिनीवर उकिडवी बसली आणि म्हणाली, "तम्मा, खुरपी दाखव. सगळी." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. धाकट्या भावांना हुकूम सोडायची तिला सवय होती असं नाही, पण त्या दिवशी सोडला.

त्यानं खुरप्यांचा ढीग पुढ्यात ठेवला. तिनं एक उचललं आणि फरशीवर स्वतःकडे ओढलं. दात शिवशिवतील असा आवाज झाला.

"अम्मा, फरशी जाईल माझी!"

"तुझी पक्की आहे रे. आमच्याकडेही आता फरशीच येणार आहे म्हणतात. सवय करते."

पहिल्याची मूठ बारीक. बोटं वळून नखं तळव्यात रुतत होती, आणि धरायलाच एवढं आवळावं लागत होतं की मनगट आधीच कुरकुरलं. बाजूला ठेवलं. दुसऱ्याचं पातं मुठीत नुसतं खोचलेलं. तिनं हलवून बघितलं. "दुधाच्या दातासारखं हलतंय." तेही बाजूला. मालकानं एक चकचकीत पुढे केलं. "ही बघा, नवीन आलीत." "तोंड बघायचं नाही मला त्यात," आत्या म्हणाली. मग एक काळपट खुरपं निघालं. जाड मूठ, बोटं अंगठ्याला जेमतेम टेकतील न टेकतील अशी, पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे वळवलेली, गळ्याशी लोखंडी कडं. तिनं ते ओढलं. थांबली. परत ओढलं. मनगटाकडे बघत राहिली, जसं काही ते वेगळंच कुणी आहे आणि त्याचं मत ऐकायचं आहे.

"हे ठेव."

मग कुदळ. लहानशी, एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला दोन दात. दांडा आखूड होता, एकहाती. आत्या उभी राहिली. डावा हात पुढे, उजवा मागे, नुसता आधाराला. "लांब दांडा बसवशील?"

"एवढ्याशा कुदळीला लांब दांडा? लोक हसतील, अम्मा."

"हसू दे. हसण्यानं मनगट नाही दुखत."

त्यानं तिला भिंतीशी उभं केलं आणि एकेक दांडा तिच्या अंगाला लावून बघायला लागला, शिंपी माप घेतो तसा. कमरेपर्यंत, कमरेच्या वर, छातीपर्यंत. छातीपर्यंतचा तिला आवडला. "ह्याला वाकावं लागत नाही," तिनं मला सांगितलं, जणू दागिना दाखवतेय.

कात्र्या तिनं तिथल्याच सुतळीवर चालवून बघितल्या. पहिलीची स्प्रिंग एवढी ताठ की एका हातानं मिटेना. "कढीपत्ता तोडायचाय रे, जंगल नाही." त्यानं आतून बारकी आणली. आणि झारीपाशी तर कमालच झाली. आत्या म्हणाली, "ह्यात पाणी भरून आण."

"दुकानात पाणी?"

"रिकामी तर सगळीच हलकी असते."

तो आत जाऊन भरून आला. मोठी झारी तिला कलंडवता आली नाही. लहानीची मूठ वरून मागपर्यंत वळलेली होती, हात पिळायला न लागता ती नुसती पुढे झुकत होती. आत्यानं तिथंच, दुकानाच्या मधोमध, थोडं पाणी घालून बघितलं.

"अम्मा, खिळे! खिळे आहेत खाली!" तो पेट्या उचलायला धावला आणि दोघंही हसत सुटले.

मी तिची पिशवी धरून उभी होते. माझं काही काम नव्हतं. आत्याबरोबर मी कितीदा साडीच्या दुकानात गेले असेन. तिथं ती काउंटरपासून हात लांब ठेवून बसते आणि म्हणते, "कुठलीही चालेल." भाजी कुठली करायची? कुठलीही चालेल. खोली कुठली? कुठलीही चालेल. कारखान्यातही तिनं खोकी भरली ती दुसऱ्यांच्या मापाची. आणि ही बाई इथं चार-पाच वेळा "नको" म्हणाली होती, ठामपणे, न लाजता, आणि दर 'नको'ला तिचा चेहरा उजळत होता. मला तिच्या गालाला हात लावावासा वाटला. लावला नाही. ती कामात होती.

"मग, बांधू?" मालकानं विचारलं.

"आज नाही."

"अम्मा, पावतीवर सोमवार घालतो."

"का? शनीला वाचता येत नाही?"

त्यानं हात जोडले. निवडलेलं सगळं एका गोणपाटाखाली झाकून ठेवलं आणि म्हणाला, सोमवारपर्यंत दांडा बसवून ठेवतो, दुसऱ्या कुणाला देत नाही.

शनिवारात मला अजूनही काही अर्थ दिसत नाही. ते हँडबिल मी मागे घेतलेलं नाही. पण एवढं मान्य करते की त्या दुपारी पाकीट काढायची सोय असती तर मीच पहिलं खुरपं उचलून "हे घे, छान आहे" म्हटलं असतं, आणि तिनं "कुठलंही चालेल" म्हटलं असतं.

सोमवारी मला सभा होती. आत्या एकटी बसनं गेली आणि घेऊन आली. लांब दांड्याची कुदळ बसमध्ये उभी धरून आली म्हणे, कंडक्टरनं विचारलं, "आजी, लढाईला?"

बुधवारी सकाळी गवंडी आला, दोरी आणि खुंट्या घेऊन. मी चहाचा कप हातात घेऊन बाजूच्या दारात होते. आत्या आधीपासूनच तिथं होती. रात्री पाऊस पडून गेला होता, माती मऊ होती. ती उभ्यानं काम करत होती. डावा हात पुढे, उजवा मागे, कुदळ टाकायची आणि ओढायची, टाकायची आणि ओढायची. घाई नाही. मध्येच विटेचा तुकडा लागला की कुदळ उलटी करून दातांनी उपसायची. भिंतीच्या कडेनं तिचा वाफा लांब होत चालला होता.

बाबा कॉफीचा पेला घेऊन बाहेर आले. "अक्का, हात!"

"चालतोय."

"दुखेल."

"दुखेल तेव्हा थांबीन. बघ तू."

आणि ती परत सुरू झाली. बाबा बघत राहिले. त्यांनी तिला कधी काम करताना बघितलंच नव्हतं, आयती मेथी बघितली होती. ती वाफ्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. कपाळावर घाम होता. चेहऱ्यावर कळ नव्हती. मी डोळे ताणून बघत होते, कळ असती तर मला दिसली असती.

गवंडी दोरी हातात घेऊन खोळंबला होता. शेवटी तोच बोलला, कन्नडात. "सार्, खुंटी कुठं ठोकू? इथं तर काम चालू आहे."

काम. त्या माणसाला ह्या शब्दाचं काही नव्हतं, त्यानं जे दिसलं ते म्हटलं. पण बाबांनी पेला खाली घेतला.

"मग गाडी?" त्यांनी विचारलं. गवंड्याला नाही, आत्याला. पहिल्यांदाच तिला.

आत्या दांड्यावर रेलली. तिचं उत्तर तयार होतं. वाफा तिनं भिंतीलगतच काढला होता, गाडीपुरतं अंतर सोडून. "गाडीची चाकं कुठं कुठं टेकतात? तेवढ्या दोन पट्ट्या कर. मधली माती राहू दे, पाणी मुरायला. भिंतीकडची बाजू माझी."

बाबांनी कॉफी संपवली. खूप वेळ लावून संपवली. मग गवंड्याला म्हणाले, "दोनच पट्ट्या."

"सिमेंट निम्मंही लागणार नाही, सार्," तो म्हणाला, जरा हिरमुसून.

बाबांनी माफी मागितली नाही. ते मागणाऱ्यातले नव्हेत आणि मी अजून त्यांना सोडलेलं नाही. पण जाता जाता त्यांनी आत्याच्या हातातून कुदळ घेतली आणि एकदा मारून बघितली. पातं तिरकं गेलं.

"माझ्या हाताला नाही बसत ही," ते म्हणाले.

"तुझ्या हातासाठी घेतलीच नाही," आत्या म्हणाली आणि कुदळ परत घेतली.

मनगट पूर्ण बरं झालेलं नाही. थंडीच्या सकाळी ती त्याला फडकं गुंडाळते. काही दिवस नुसती कात्री घेऊन बसते, काही दिवस तेही नाही. पण आज हात चालतो की नाही, हे ती ठरवते. आपल्या हातानं माती ओढून बघते आणि ठरवते.

आता तुम्ही. तुमच्या घरातही कुणीतरी माती उकरत असेल, गच्चीवर, बाल्कनीत, जिन्याखालच्या तुकड्यात. आई असेल, सासू असेल, काकू असेल. आजच जाऊन बघा तिच्या हातात काय आहे. चमचा असेल, बोथट सुरी असेल, तुमचा जुना कंगवाही असेल. तिला न विचारता संच आणून देऊ नका. येत्या सुट्टीला तिला घेऊन लोखंडाच्या दुकानात जा, आणि त्या दिवशी काही विकत घेऊ नका. तिला जमिनीवर बसू द्या, ओढून बघू द्या, झारीत पाणी भरायला लावू द्या. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. तुम्ही बाहेर पायरीवर थांबा, आणि ती हाक मारेपर्यंत आत येऊ नका.